दुसऱ्या डिस्कचे पैसे आधी बाजूला काढ

बाळा, घरातल्या कॅसेट, सीडी, डीव्हीडी आणि सगळ्यांच्या फोनमधले व्हिडिओ एका जागी आणायचं तू मनावर घेतलंस, याचा मला फार आनंद झाला. किती टीबीची हार्ड डिस्क घेऊ आणि कोणत्या कंपनीची, असं तू विचारलंस. ते सगळं सांगते, पण आधी एक काम कर. जेवढे पैसे या कामासाठी ठरवले असशील, त्यांचे दोन भाग कर. पहिल्या भागात बसेल ती डिस्क घे. दुसरा भाग दुसऱ्या डिस्कचा, जिच्यावर त्याच गोष्टींची प्रत राहील. महागातली एक घेण्यापेक्षा साध्या दोन घ्याव्यात. माझी सगळी नोकरी ध्वनिमुद्रणात गेली. टेप असो की डिस्क, ती एक दिवस जाणार हे धरूनच आम्ही कामाला बसायचो.

दुकानात जाण्याआधी घरात बसून यादी कर, आणि यादीचे दोन ढीग पाड. एका ढिगात पुन्हा मिळेल ते: सिनेमे, बाजारात आलेल्या नाट्यसंगीताच्या सीडी, मालिका. दुसऱ्यात पुन्हा कुठेच मिळणार नाही ते: आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या, तुझ्या बाबांच्या मुंजीची व्हीएचएस टेप, वाड्यात झालेल्या बैठकींच्या कॅसेट. पहिला ढीग आकाराने मोठा असतो, दुसरा अगदी लहान. लोक डिस्क घेतात ती मोठ्या ढिगाकडे बघून, आणि लहान ढीग त्याच डिस्कच्या एका कोपऱ्यात टाकतात. तू उलटं कर. लहान ढिगाच्या तीन प्रती कर, त्यातली एक दुसऱ्या गावी ठेव. मोठ्या ढिगाच्या दोन झाल्या तर उत्तम, आणि पैसे नसतील तर एकीवरही तूर्त चालेल. सिनेमा गेला तर हळहळ वाटेल, पण तो पुन्हा मिळवता येईल. आजी पुन्हा ओवी म्हणणार नाही.

आता आकार. सीडीत साधारण ७०० एमबी असतात. फ्लॅक प्रकारात, म्हणजे आवाजातला कणही न गमावता, ती साधारण निम्म्यात बसते. त्यामुळे हजार सीडी असल्या तरी अर्ध्या टीबीच्या आत मावतात. डीव्हीडी ४.७ किंवा ८.५ जीबीची, तीनशे डीव्हीडी जशाच्या तशा उतरवल्या तर दोन टीबीच्या आसपास जातील. ब्लू-रे २५ किंवा ५० जीबीची, आणि फोर-के ब्लू-रे १०० जीबीपर्यंत. जुन्या मिनीडीव्ही कॅमेऱ्याची टेप तासाला १३ जीबी घेते. कॅसेट उतरवताना मात्र काटकसर करू नकोस. ध्वनिसंग्रहालयं ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट वापरतात, तसंच कर. तासाला दोन जीबी लागतील, आणि ते आजच्या डिस्कच्या मानाने काहीच नाही. सगळ्यात जास्त जागा खाणार आहेत ते तुमचे फोन. फोर-के व्हिडिओ तासाला १० ते २० जीबी घेतो, आणि घरात लहान मूल असलं की तास भराभर साठतात.

या सगळ्याची बेरीज कर आणि ती दुप्पट कर, म्हणजे पुढच्या काही वर्षांची सोय होईल. डिस्क कधी काठोकाठ भरू नकोस, दहा-पंधरा टक्के मोकळी राहू दे. आणि ८ टीबीची डिस्क लावल्यावर विंडोज ७.२७ दाखवेल तेव्हा दुकानदाराशी भांडायला जाऊ नकोस. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. किंमत बघताना एकूण आकडा बघू नकोस, टीबीमागे किती रुपये पडतात ते काढ. सगळ्यात लहान डिस्क स्वस्त दिसते, पण टीबीमागे तीच महाग पडते. सगळ्यात मोठी नवी म्हणून महाग असते. फायदा मधल्या आकारांत असतो. भावही स्थिर नसतात. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, डिस्कचे कारखाने पाण्यात गेले, आणि जगभर किमती कडाडल्या. भाव चढलेले असतील तर लहान ढिगापुरती डिस्क घे आणि सिनेमांना थांबू दे.

कंपनीबद्दल फार डोकं शिणवू नकोस. हार्ड डिस्क बनवणाऱ्या आता तीनच कंपन्या उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. चांगलं-वाईट मॉडेलगणिक असतं. बॅकब्लेझ नावाची अमेरिकन कंपनी २०१३ पासून आपल्याकडच्या हजारो डिस्कपैकी कोणत्या मॉडेलच्या किती बिघडल्या याचे आकडे जाहीर करते. घ्यायचं मॉडेल त्यात असलं तर बघून घे. पण एकाच कंपनीच्या नावाने शपथ घेणाऱ्याचं ऐकू नकोस.

मॉडेल निवडताना एक गोष्ट मात्र नक्की विचार: डिस्क सीएमआर आहे की एसएमआर? हे दुकानदाराला माहीत असेलच असं नाही, म्हणून मॉडेल नंबर लिहून आण आणि कंपनीच्या यादीत शोध. डिस्कच्या तबकडीवर माहिती गोल पट्ट्यांमध्ये लिहिली जाते. सीएमआरमध्ये या पट्ट्या शेजारी शेजारी सुट्या असतात. एसएमआरमध्ये त्या आपल्या कोकणातल्या छपराच्या कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात, म्हणून तेवढ्याच तबकडीवर जास्त माहिती मावते आणि डिस्क स्वस्त पडते. वाचायला काही अडत नाही, कारण वाचायला अरुंद पट्टी पुरते. पण लिहिणारं टोक रुंद असतं. मधली एक पट्टी बदलायची तर तिच्यावर चढलेल्या पुढच्या सगळ्या पट्ट्या पुन्हा लिहाव्या लागतात. हा कारभार लपवायला कंपन्या डिस्कवर थोडी राखीव जागा ठेवतात, आधी तिथे लिहितात आणि मग सवडीने हलवतात. त्यामुळे सुरुवातीला डिस्क छान पळते. सलग काही शे जीबी ओतायला लागलं की ती जागा भरते आणि वेग एकदम कोसळतो.

एप्रिल २०२० मध्ये उघड झालं की वेस्टर्न डिजिटलच्या, खास नॅससाठी, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीसाठी, विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर होत्या आणि खोक्यावर तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. नॅसमधली एक डिस्क बदलून नवी भरताना लोकांचं काम अडकलं, तेव्हा बोभाटा झाला. सीगेट आणि तोशिबाच्याही काही मॉडेलबद्दल तेच निघालं. त्यानंतर कंपन्यांनी याद्या जाहीर केल्या आणि वेस्टर्न डिजिटलने सीएमआरवाल्यांना रेड प्लस असं वेगळं नाव दिलं. मला विचारशील तर रोज चालणारी, नॅसमध्ये बसणारी डिस्क सीएमआरच हवी, तिथे दुसरा विचार नको. दुसऱ्या प्रतीची डिस्क, जी एकदा भरून कपाटात जाते, ती एसएमआर असली तरी मला चालते. भरायला वेळ लागेल, इतकंच. रात्रभर लावून झोप.

वेगाची काळजी तुला वाटते, ती सोड. फोर-के ब्लू-रेचा वेग साधारण सेकंदाला १२८ मेगाबिट, म्हणजे १६ एमबीपर्यंत असतो. साधी हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे एमबी सहज देते. त्यामुळे सिनेमे ठेवायला एसएसडी घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. छोटी एसएसडी घे ती संग्रह टीव्हीवर दाखवणाऱ्या जेलीफिन किंवा प्लेक्स या प्रोग्रॅमच्या पोस्टर आणि याद्यांसाठी; पडदा चटकन उघडेल. पण दुसरी प्रत एसएसडीवर करून ती वर्षानुवर्षं कपाटात ठेवू नकोस. एसएसडीत माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते. वीज न मिळता पडून राहिली, त्यात वापरून जुनी झालेली असली आणि जागा उष्ण असली, तर तो भार झिरपत जातो. पेन ड्राइव्हचंही तेच, किंबहुना त्याहून वाईट. पेन ड्राइव्ह एकाकडून दुसऱ्याकडे न्यायचं साधन आहे, ठेवण्याचं नाही.

हातात मावणाऱ्या, यूएसबीवर चालणाऱ्या अडीच इंची डिस्क ६ टीबीपर्यंत मिळतात. प्रवासाला चांगल्या. पण मोठ्या क्षमतेच्या बहुतेक एसएमआर असतात, आणि काहींमध्ये यूएसबीची खाच थेट डिस्कच्या सर्किटवरच जोडलेली असते. ती खाच हलली की डिस्क वेगळी काढून दुसरीकडे लावायची वाट बंद होते. घरात एका जागी ठेवायची तर साडेतीन इंची बरी.

खरेदीला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा किंवा घरबसल्या मागव, पण बिल पक्कं घे. डेस्कटॉपच्या डिस्कला बहुधा दोन वर्षांची वॉरंटी असते, नॅसच्या डिस्कला तीन, प्रो आणि सर्व्हरच्या डिस्कला पाच. भाव फारच उतरलेला दिसला तर समज, की माल बाहेरून आलेला असेल आणि त्याची वॉरंटी भारतात चालणार नाही. खोकं फोडण्याआधी सीरियल नंबर कंपनीच्या पानावर टाकून वॉरंटी किती उरली ते बघ. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, तिच्यातलं काहीही परत मिळत नाही, हे विसरू नकोस. आणि बिघडलेली डिस्क परत पाठवताना तिच्यातलं घरचं सगळं परक्याच्या हाती जातं, हेही ध्यानात ठेव.

२०२५ च्या सुरुवातीला युरोपात एक प्रकार उजेडात आला. सीगेटच्या सर्व्हरसाठीच्या, आधी वापरलेल्या डिस्क, आतलं तासांचं मीटर शून्यावर आणून, नव्या म्हणून विकल्या जात होत्या. मीटर म्हणजे स्मार्ट नावाच्या नोंदींमधला एक आकडा. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी एक नोंद असते. ती पुसायची राहिली होती, त्यावरून खरे तास कळले. म्हणून नवी डिस्क लावताच आधी हे आकडे बघायचे. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आहे, लिनक्सवर स्मार्टसीटीएल. मग लगेच संग्रह टाकायला सुरू करायचं नाही. पूर्ण डिस्क एकदा भरून आणि वाचून तपासायची. ८ टीबीची डिस्क एका दिशेने भरायलाच पंधरा तासांच्या आसपास लागतात, वाचायला तेवढेच. लागू देत. ज्या डिस्कमध्ये जन्मतःच खोट असते, ती बहुधा याच कामात उघडी पडते, आणि दुकानदार बदलून देतो तेही याच दिवसांत. दोन डिस्क घेशील त्या एकाच दुकानातून एकाच दिवशी घेऊ नकोस. एकाच घाण्यातल्या, एकाच टेम्पोत आदळत आलेल्या डिस्क एकाच सुमारास जायची भीती असते.

पुढे दर महिन्याला स्मार्टचे तीन आकडे बघत जा: ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या नोंदी. ते शून्य असावेत. वाढायला लागले की त्याच दिवशी प्रत तपासायची आणि नवी डिस्क मागवायची. १९९ वाढला तर आधी केबल बदलून बघ, बहुतेक वेळा दोष तिचाच निघतो. पण सगळे शून्य आहेत म्हणून निर्धास्त होऊ नकोस. गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास छापला. त्यात बिघडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी मुख्य चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती.

तुझा मित्र म्हणतोय की नॅसमध्ये दोन डिस्क टाकून मिररिंग केलं की झालं, वेगळ्या प्रतीची गरज नाही. त्याला रेड-१ म्हणतात. (वर सांगितलेल्या रेड मालिकेशी याचा संबंध नाही, उच्चार तेवढा सारखा.) एक डिस्क गेली तरी दुसरीवर काम चालू राहतं, हे खरं. दुकान, कचेरी चालवणाऱ्याला ते हवंच. पण घरात डिस्क जाण्यापेक्षा जास्त वेळा काय होतं? कुणीतरी चुकून फोल्डर पुसतं, आणि ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसलं जातं. विजेचा झटका येतो तो दोन्हींना बसतो. चोर नॅस उचलतो तेव्हा दोन्ही डिस्क उचलतो. म्हणून माझं मत असं, की दोनच डिस्कचे पैसे असतील तर त्या एका पेटीत बसवू नकोस. एक चालू ठेव, दुसरी आठवड्याला लाव, प्रत कर, काढ आणि बाजूला ठेव. तिसरीचे पैसे आले की मिररिंगचा विचार कर.

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने हा हिशेब सोपा करून ठेवला आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत लोक टाळतात, आणि आपल्याकडे तर तीच सगळ्यात गरजेची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या किती घरांतले अल्बम आणि कॅसेट चिखलात गेल्या. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला तेच झालं. म्हणून एक डिस्क गावच्या घरी ठेव, आणि गणपतीला जाशील तेव्हा ताजी घेऊन जा, जुनी परत आण. वर्षातून एकदा तरी अदलाबदल होईल. दिवाळीलाही गावी गेलास, तर तेव्हा आणखी एकदा. गावच्या डिस्कवर लहान ढीग पूर्ण असला पाहिजे, सिनेमे नसले तरी चालतील.

पण गावच्या हवेची काळजी घे. किनाऱ्यावरच्या दमट, खारट हवेत कॅसेटवर बुरशी चढते आणि डिस्कच्या सर्किटवरच्या धातूच्या पट्ट्या काळ्या पडतात. डिस्क तिच्या चंदेरी पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. पुड्या दर पावसाळ्याआधी बदल. माळ्यावर ठेवू नकोस, मे महिन्यात पत्र्याखाली तिथे भट्टी होते. साध्या डिस्कच्या अंगावर हवेसाठी एक बारीक छिद्र असतं, त्यावर लेबल चिकटवू नकोस. मोठ्या क्षमतेच्या, हेलियम भरलेल्या डिस्क पूर्ण बंद असतात, त्यांना ते लागत नाही. आणि एसीच्या गारव्यातून दमट खोलीत आणलेली डिस्क लगेच लावू नकोस. आतबाहेर दव धरतं. थोडा वेळ तशीच राहू दे.

चालू डिस्क टीव्हीच्या युनिटमध्ये, काच लावून कोंडू नकोस. हवा खेळती हवी. तापमान ४५ अंशांच्या वर जायला लागलं की पंख्याची सोय कर. मोठ्या बेसच्या स्पीकरशेजारीही नको, थरथर तिला सोसत नाही. यूपीएस घेच. दोन डिस्कचा नॅस १५ ते २० वॉट घेतो, महिन्याला १०-१५ युनिट, त्याला ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. यूपीएसची यूएसबी केबल नॅसला जोडलीस, तर वीज गेल्यावर नॅस स्वतःहून नीट बंद होतो. लिहिता लिहिता वीज गेली की डिस्कपेक्षा आधी फायलींची मांडणी मोडते, आणि ती दुरुस्त करणं किती जिकिरीचं असतं ते मी पाहिलं आहे.

नॅस इंटरनेटवर उघडा ठेवू नकोस, कितीही सोयीचं वाटलं तरी. जून २०२१ मध्ये माय बुक लाइव्ह या जुन्या नॅसमधल्या त्रुटीचा फायदा घेऊन लोकांच्या घरच्या डिस्क दुरूनच पुसल्या गेल्या. त्या वेळी ज्यांची दुसरी डिस्क वायरपासून सुटी कपाटात होती, त्यांचं काही गेलं नाही.

आणि प्रत केली म्हणजे काम झालं असं धरू नकोस, ती उघडून बघ. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २' चं काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या फायली भराभर पुसल्या गेल्या. बॅकअप होता, पण तो नीट होत नव्हता, हे तेव्हा कळलं. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन यांच्यामुळे. घरी तान्हं बाळ असल्याने त्या घरून काम करत, आणि त्यांच्या घरच्या संगणकावर प्रत होती. एवढ्या मोठ्या कंपनीत हे होतं. म्हणून गणपतीत आणि दिवाळीत डिस्क बदलताना तिच्यातल्या कुठल्याही चार-पाच फायली उघड, सुरुवात, मध्य आणि शेवट ऐक, बघ. लहान ढिगातल्या प्रत्येक फायलीचा चेकसम, म्हणजे तिच्यातल्या माहितीवरून निघणारा आकडा, काढून यादी ठेवलीस तर आणखी उत्तम. एखादा बिट नकळत बदलला तरी पकडता येतो. ही यादी दोन्ही डिस्कवर आणि ईमेलमध्ये ठेव.

एक वही कर. प्रत्येक डिस्कला नाव दे आणि तिच्यावर मार्करने लिही, छिद्र सोडून. वहीत तिचा सीरियल नंबर, कधी घेतली, वॉरंटी कधी संपते, तिच्यावर कोणत्या ढिगातलं काय आहे आणि शेवटची प्रत कधी केली, हे लिहून ठेव. पाच वर्षं झाली की डिस्क चांगली चालत असली तरी तिला कामातून काढून तिसऱ्या प्रतीच्या कामाला लाव आणि जागी नवी घे. डिस्कला पासवर्ड लावून सगळं कुलूपबंद करणार असशील, तर तो पासवर्ड तुझ्या एकट्याच्या डोक्यात राहू देऊ नकोस. तुझ्या बायकोला माहीत असू दे, आणि एका पाकिटात घालून बाबांकडे दे. ही वही त्या पाकिटाजवळच ठेवायला सांग.